वर्गानं दिलेली जागा

मंडळी, ऐका! जरा पुढं सरका, मागं उन्हात कुणी राहू नका. पेटी थांबली, मृदंग थांबला — आता फक्त तुम्ही आणि मी.

एक प्रश्न विचारतो. पोथीतला नाही, शाळेच्या पटांगणातला आहे.

शाळेत एखादं पोरगं असं असतं बघा — ते हसलं की वर्ग हसतो, ते रुसलं की वर्ग रुसतो! सगळ्यांना त्याच्याच शेजारी बसायचं असतं. आणि एखादं असं असतं, की ते आलं काय न् गेलं काय, कुणाच्या ध्यानात नाही. तर सांगा — ते पहिलं पोरगं जन्मभर मोठं राहतं का? आणि त्या दुसऱ्याचं पुढं काय होतं?

काय म्हणालात काका? "मागच्या बाकावरचेच मोठे होतात महाराज"? तुम्ही कुठल्या बाकावर होतात? मागच्या! वा! आरोपी तोच, साक्षीदारही तोच!

हसा, हसा. आत्ताच हसून घ्या. पुढं हसायला फार मिळायचं नाही.

ही गोष्ट माझ्या गावची. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची नावं बदललीत, कारण माणसं जिवंत आहेत. आणि मी काही लांबून ऐकलेलं सांगत नाही. मी त्या वर्गात होतो! तिसऱ्या रांगेत, खिडकीपाशी. तेव्हा मी महाराज नव्हतो, बबन होतो.

आमच्या वर्गात वैजयंती देशमाने होती. डॉक्टर देशमान्यांची मुलगी. गावातल्या निम्म्या पोरांचा जन्म तिच्या बापाच्या हातावर झालेला! वैजू दिसायला छान, बोलायला त्याहून छान. लेझीमच्या पथकात पुढं कोण? वैजू. स्नेहसंमेलनात निवेदन कुणाचं? वैजूचं. तिनं वेणीला हिरवी रिबीन बांधली की चौथ्या दिवशी वर्गातल्या सगळ्या पोरी हिरव्या! आणि खरं सांगतो — पोरगी वाईट नव्हती. कुणाला टोचून बोलायची नाही. तिच्या वाट्याला एवढं प्रेम आलेलं, की टोचायची गरजच नव्हती.

आणि त्याच वर्गात इंदुमती डोईफोडे होती. तिची आई भागूबाई आमच्या शाळेत शिपाई. व्हरांड्यात रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा, त्यावर हातोडी मारून भागूबाई टोल द्यायची. टण्ण, टण्ण! तास सुटला.

मग पोरं पोरीला काय म्हणणार? सांगायला नकोच. "टणटण!"

इंदू उत्तर द्यायला उभी राहिली की मागून कुणीतरी हळूच — "टण्ण!" वर्ग हसायचा. बाई हसू दाबायच्या. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं? कुणालाच आठवत नाही. पण हसलं कोण, ते आठवतं. सगळे हसलो. मीही.

एक दुपार सांगतो. आठवीतली. मधल्या सुट्टीत पोरी कडुलिंबाखाली गोल करून डबा खायच्या, मध्यभागी वैजू. त्या दिवशी इंदू डबा घेऊन त्या गोलापाशी आली. उभी राहिली. कुणी "ये" म्हणालं नाही. कुणी "जा"ही म्हणालं नाही! वैजू काहीतरी गमतीचं सांगत होती, सांगता सांगता तिनं आपला डबा जरासा सरकवला — एवढासा, चार बोटं — आणि शेजारची पोरगी त्या फटीत सरकली. गोल बंद झाला.

झालं. एवढंच झालं! शिवी नाही, धक्का नाही. इंदू वळली आणि पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसली. मंडळी, दहावी संपेपर्यंत ती तिथंच जेवली. तीन वर्षं! टाकी झिरपायची, तिथं कायम ओल असायची. पायाखाली एक वीट घेऊन बसायची पोरगी.

आता काळ पुढं नेऊ. हे पुढचं मी ज्यांच्यावर गुदरलं, त्यांच्याच तोंडून ऐकलं.

इंदूला दहावीला चांगले मार्क पडले, पण पुढं शिकली नाही. शिवणकाम शिकली. आधी परकर शिवले, मग एका बालवाडीचे पंचवीस झगे. मग एका शाळेचे गणवेश, मग दुसऱ्या शाळेचे. मधे लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं, ती आईकडं परत आली आणि पुन्हा मशीनवर बसली. रडत बसली नाही, मशीनवर बसली! वयाच्या चाळिशीत तिचं स्वतःचं शेड होतं. चाळीस मशीन, चाळीस बायका. आख्ख्या तालुक्यातली पोरं जून महिन्यात इंदूनं शिवलेल्या कपड्यात शाळेत जायची. गावानं तिचा सत्कार केला, नारळ दिला, शाल दिली.

घ्या! म्हणजे काकांचं खरं ठरलं! मागचं पोरगं पुढं गेलं! टाका फुलं, करा आरती, चला जेवायला!

थांबा. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी आलोच नसतो.

वैजूचं काय झालं? ती पुण्याला दिली. इंजिनिअर नवरा, मोठं घर. वीस-बावीस वर्षं सगळं नीट. आणि मग नवऱ्यानं एक दिवस सांगितलं, "मला दुसरी आवडते." असंच! भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं! वैजू दोन बॅगा घेऊन गावी आली. डॉक्टर तोवर वारलेले. भावानं मागची खोली दिली, भावजयीनं दार दिलं — ते बाहेरच्या बाजूनं. समजलं ना? घरात यायचं ते मागून.

जिच्या रिबिनीवर वर्ग चालायचा, ती मागच्या दारानं!

तिला कुणीतरी सांगितलं, आपल्या वर्गातल्या इंदूचं मोठं काम आहे, जाऊन बघ. आणि वैजू खरोखर आनंदानं गेली. मनात कसला संकोच नाही. तिच्या लेखी इंदू ही मैत्रीणच होती.

इंदू आपल्या खोलीत टेबलाशी बसलेली. दारात वैजू. "इंदू! ओळखलंस का?"

आणि इंदू उठून उभी राहिली.

मंडळी, नीट ऐका. मालकीण उठली! स्वतःच्या कष्टाच्या शेडमधे, स्वतःच्या खुर्चीवरून, धडपडत उठली. टेबलावरची टाचण्यांची डबी सांडली. आणि तोंडातून शब्द निघाले, "बस ना, इथंच बस." कुठं? स्वतःच्या खुर्चीत! वैजू बसली. तिला त्यात वेगळं काही वाटलंच नाही. आणि इंदू समोर भिंतीला टेकून उभी.

द्वारकेतली गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. राजानं आपल्या फाटक्या गुरुबंधूला स्वतःच्या आसनावर बसवलं. का? प्रेमानं! आमची इंदू उठली ती प्रेमानं नाही हो. भीतीनं उठली! पंचेचाळीस वर्षांची बाई, गावानं शाल पांघरलेली बाई, आणि तिच्या पायांना अजून वर्गाची सवय!

"काही काम असलं तर बघ गं," वैजू म्हणाली. "मला शिवता येत नाही, पण बाकी काहीही करीन."

इंदू म्हणाली, "बायकांवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच होतं."

नको होतं! इतकी वर्षं ती स्वतःच लक्ष ठेवत होती!

घरी जाऊन आईला सांगितलं. भागूबाई आता सत्तरीच्या पुढं. तिनं काय विचारावं? "डॉक्टरांची वैजू? आणि तिला चहा कुठल्या कपात दिलास गं इंदे?"

बघा. आईची शाळा कधीच सुटली नव्हती, तर लेकीची कशी सुटणार?

वैजू कामाला लागली. आणि काम चांगलं केलं, खोटं कशाला बोलू? कुणाचा माल अडला, कुणाचं काज चुकलं, सगळ्यांना गोड बोलून करून घ्यायची. कौसल्येच्या नातवाचं बारसं, हलीमाच्या मुलीचा निकाल — वैजूला सगळं पाठ. महिन्याभरात बायका "वैजूताई, वैजूताई" करायला लागल्या. दुपारी शेडच्या सावलीत डबे उघडायचे, गोल बसायचा, आणि मध्यभागी कोण?

बरोबर.

अहो, तिलाही दुसरं कुठं काय होतं? घरी भावजय बोलत नाही, भाऊ बघत नाही. दुपारचा अर्धा तास, तेवढाच तिचा दिवस! त्या अर्ध्या तासात ती पुन्हा आठवीतली वैजू व्हायची. बुडत्या माणसानं ओंडका धरावा तसा तिनं तो गोल धरला होता.

आणि इंदू? इंदू आपल्या खोलीत एकटी जेवायची. तशी ती आधीही एकटीच जेवायची, पण तेव्हा कानावर हसणं यायचं नाही.

एकदा तिनं हिय्या केला. डबा उचलला, बाहेर गेली. "मी पण बसते आज तुमच्यात."

हसणं थांबलं. पदर सावरले गेले. कौसल्या उठली, पळत आत गेली आणि मॅडमना बसायला — खुर्ची घेऊन आली! चाळीस बायका खाली, गोल करून, एकमेकींच्या डब्यात हात. आणि ही वर, खुर्चीत, मांडीवर डबा! वैजूनं प्रेमानं विचारलं, "लोणचं देऊ का गं?" इंदूनं दोन घास खाल्ले आणि "फोन यायचाय" म्हणून आत गेली. आत पाय ठेवला आणि मागून पुन्हा हसण्याचा लोट!

आता तुम्ही म्हणाल, "महाराज, मालकीण आली की बाया गप्प होणारच. त्यात काय मनाला लावून घ्यायचं?" अगदी बरोबर! इंदूलाही हे कळत होतं. शंभरदा कळत होतं. पण कळून वळतं का हो? तुमचं वळतं? माझं नाही वळत.

तिनं ठरवलं, वैजूला काढायचं. तीन दिवस आरशासमोर पाठ केलं — "वैजू, तुझं काम चांगलं आहे, पण आता मला गरज नाही." शाळेत कविता पाठ करावी तसं! चौथ्या दिवशी बोलावलं.

वैजू आली, टेबलावर कोपर टेकून वाकली. "बोल गं. असा काय चेहरा? बरं नाही का?" आणि तिनं इंदूच्या कपाळावर हात ठेवला. ताप बघायला.

मंडळी, त्या हाताची वाट इंदूनं टाकीमागं बसून तीन वर्षं बघितली होती! आणि तो आला, तो आत्ता आला. ती बाई काय बोलणार?

ती म्हणाली, "सुया संपल्यात. सोळा नंबरच्या. यादीत लिहून घे."

"एवढंच ना?" वैजू हसली आणि गेली.

मे महिना आला. गणवेशाचे दिवस, मान वर करायला फुरसत नाही. इंदू चिडचिडी झाली. हलीमाला म्हणाली, "ही काय कॉलर आहे? उसव सगळं!" हलीमा बारा वर्षांची जुनी कामगार, उलट कधी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. "मॅडम, चूक झाली, उसवते. पण वैजूताई असं बोलत नाहीत."

इंदू तशीच कॉलर हातात घेऊन उभी राहिली.

त्याच आठवड्यात वैजू जेवताना शाळेच्या गोष्टी सांगत होती. "अगं, इंदूची आई काय ऐटीत टोल द्यायची! आम्ही इंदूला टणटणच म्हणायचो!" मायेनं सांगत होती हो! हसून, डोळ्यांत पाणी आणून सांगत होती. तिच्या आयुष्यातले तेच चांगले दिवस, ती दुसरं सांगणार काय?

पण शब्दाला माया लागून राहत नाही मंडळी. शब्द तेवढा राहतो.

दोन दिवसांनी सकाळी इंदू कापडाचा तागा खांद्यावर घेऊन शेडच्या दारात आली. मशीनच्या आवाजात कुणी ऐकत नाही असं वाटून एक नवीन मुलगी — वीस वर्षांची, कुणाची कोण — शेजारणीला डोळा मारून म्हणाली, "टण्ण! आली बघ."

आणि दोघी-तिघी हसल्या.

इंदूनं तागा खाली ठेवला. नीट ठेवला, भिंतीला लावून. भिंतीवरच्या मेन स्विचपाशी गेली आणि तो खाली ओढला.

चाळीस मशीन एकदम गप्प! बायकांना वाटलं लाइट गेली. कुणी पदरानं वारा घेऊ लागलं, कुणी पाणी प्यायला उठलं. इंदू म्हणाली, "लाइट गेलेली नाही. हातातलं ठेवा. उद्यापासून यायचं नाही. काम बंद."

कुणाला खरं वाटेना. कौसल्या पाया पडली. हलीमा म्हणाली, "मॅडम, मी उसवलं होतं ना! मी नीट केलं होतं ना!" ती नवीन मुलगी तर भिंतीला चिकटून रडायला लागली. तिला कळेचना, दोन अक्षरांनी एवढं कसं झालं!

वैजू पुढं आली. चेहरा पांढरा. "इंदू, माझं काही चुकलं का? खरं सांग. चुकलं असलं तर मी जाते. यांचं काम बंद करू नकोस."

बघा, किती सरळ बोलली! आणि इंदू काय म्हणाली? "नाही वैजू. तुझं काही चुकलं नाही. तुझं कधीच काही चुकलं नाही."

आणि शेडला कुलूप लावून घरी गेली.

शेड पुन्हा उघडलं नाही. आई म्हणाली, गाव म्हणालं, शाळांचे मुख्याध्यापक घरी येऊन गेले. नाही. मशीन एकेक करून गेल्या. चाळीसातल्या काही बायका कांद्याच्या खळ्यावर गेल्या, काही लांबच्या कारखान्यात. हलीमाचे डोळे बारीक कामानं आधीच गेलेले, तिला कुणी घेतलं नाही.

दोन वर्षांनी मी गावी गेलो. आधी वैजूकडं गेलो. मागच्या खोलीत. म्हणाली, "बबन, पहिले दोन महिने बायका यायच्या रे. मग थांबल्या. मी काय केलं होतं?" मी तिला टाकीमागची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "टाकीमागं? इंदू? मला वाटायचं ती डबा खायला घरी जाते!"

खरं बोलत होती. तिला माहीतच नव्हतं! ज्यानं एका माणसाचं आयुष्य चिरलं, तो डबा सरकवल्याचं तिला आठवतही नव्हतं. आणि ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून तिला ते विसरताही येणार नाही. मी चांगलं केलं का तिला सांगून? मला वाटत नाही.

मग इंदूकडं गेलो. भागूबाई खाटेवर, इंदू तिला भात भरवत होती. मी म्हटलं, "इंदू, मी पण हसायचो. माफ कर."

तिनं घास भरवला. आईचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "सगळेच हसायचे महाराज. तुमचा चेहरा काही वेगळा आठवत नाही."

मी विचारलं, "चाळीस बायकांचा संसार होता त्यावर. वाईट नाही वाटत?"

"रोज वाटतं," ती म्हणाली. "रोज उठले की वाटतं. पण पुन्हा उघडलं की पुन्हा गोल बसेल. माझ्यानं बघवणार नाही."

चहा दिला. मी प्यालो, निघालो. माफ केलं असं ती म्हणाली नाही. नाही केलं असंही म्हणाली नाही.

तर मंडळी, उत्तर काय? शाळेतला मान आयुष्यात कामाला येतो का? वैजूला आला? तिला त्या मानानं एक गोष्ट शिकवली, सगळ्यांना आवडायचं. आणि एका माणसाला ती आवडेनाशी झाली तेव्हा तिच्याकडं दुसरं काहीच नव्हतं! मग शाळेतला अपमान धुऊन निघतो का? इंदूनं शेड बांधून बघितलं. नाही निघाला. यश कुणालाही मिळतं हो, कष्ट केले की मिळतं. पण चौदाव्या वर्षी वर्गानं जी जागा दिली, ती सुटत नाही. वैजूलाही नाही, इंदूलाही नाही. आणि ती जागा देतो कोण? देव नाही देत! नशीब नाही देत! तुम्ही-आम्ही देतो. हसून देतो. आणि विसरून जातो.

मी देवाला विचारलं, देवा, यातून वाट काय? देव बोलला नाही. तुम्हाला खोटं कशाला सांगू की बोलला?

आज सप्ताहाचा शेवट, काला आहे. देवानं सगळ्या गोपाळांच्या शिदोऱ्या सोडल्या, एकत्र कालवल्या आणि एकेकाच्या तोंडात घास दिला. कुणाची भाकरी, कुणाचं दही, विचारलं नाही. तो काला आपण वाटून खाणार. आणि मग समोर मांडवात पंगत बसेल.

ही गोष्ट मी अकरा गावांत सांगितली. अकराही गावांत माणसं रडली. आत्ता तुम्ही रडताय, पुढं बसलेल्या त्या माउली तर हुंदके देतायत. पण कीर्तन संपलं की मी मांडवाच्या कडेला उभा राहतो आणि पंगत बघतो. पाटलांशेजारी पाटील बसतात. मास्तरांशेजारी मास्तर. आणि सकाळपासून ज्यांनी चुलवणाशी धूर खाल्ला, त्या बाया शेवटी, भिंतीकडं तोंड करून. अकरा गावं, मंडळी. एकाही गावात कुणी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसलं नाही.

आजही बघणार आहे. माझा भरवसा नाही तुमच्यावर. माझा माझ्यावरही नाही — पानं मांडली की मलाही मानाच्या पाटावरच बसवतात, आणि मी बसतो.

हात जोडा. नाव घ्या त्याचं, मोठ्यानं घ्या. विठ्ठल! विठ्ठल!